लेह : पायाखाली आणि पानात

लडाखमधले लेह समुद्रसपाटीपासून साधारण ३,५०० मीटरवर आहे, म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच कळसूबाई शिखराच्या दुपटीहूनही वर. शहराच्या दक्षिणेकडून सिंधू वाहते. विमानतळ तिच्या काठाजवळ, ३,२५६ मीटरवर आहे आणि तिथून बाजारापर्यंतचा रस्ता चढतच जातो. उत्तरेला लडाख पर्वतरांग, नदीपलीकडे स्टोकची हिमशिखरे. हिमालयाची मुख्य रांग मोसमी ढग अडवून धरते, त्यामुळे पाऊस आणि बर्फ मिळून इथे वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाणी पडते. पावसावर काहीच पिकत नाही. डोंगरावरच्या बर्फाचे पाणी ओढ्याने आणि ओढ्यातून काढलेल्या पाटांनी जिथवर पोचते, तिथवर जवाची शेते, जर्दाळूची झाडे, विलो आणि पॉपलर. पाट संपला की पुढच्या पावलाला उघडा माळ. लेह परिसरातली कुठलीही पायवाट घ्या, ती अशाच एका हिरव्या तुकड्यातून निघून दुसऱ्या हिरव्या तुकड्यात उतरते, आणि ताटात येणारे बहुतेक सगळे त्याच तुकड्यांत पिकलेले असते.

शहराचे महत्त्व पूर्वी वाटेवरचा बाजार म्हणून होते. काश्मीर, पंजाब, तिबेट आणि काराकोरम खिंडीपलीकडचे यारकंद यांच्यातला व्यापार इथे येऊन मिळायचा. तांडे सामान उतरवायचे, जनावरे दम खायची, पश्मिना, विटेसारखा दाबलेला चहा, नमदे, रेशीम आणि मसाले यांची देवघेव व्हायची. सतराव्या शतकात सेंगे नामग्याल राजाने बांधलेला नऊ मजली राजवाडा बाजाराच्या वर अजून उभा आहे. खाली बाजारातली जामा मशीद त्याच शतकातली. विसाव्या शतकाच्या मध्यावर सीमा बंद झाल्या आणि तांडे थांबले. खुणा राहिल्या त्या स्वयंपाकात: काश्मिरी वळणाच्या तंदुरी रोट्या, यारकंदी पुलाव, तिबेटी थुक्पा. १९५९ नंतर आलेल्या तिबेटी निर्वासितांची मोठी वस्ती जवळच्या चोगलमसरला झाली आणि मोमो-थुक्प्याची खानावळ बाजारात इतकी रुळली, की नवख्याला तेच लडाखी जेवण वाटते. घरचे लडाखी जेवण वेगळे आहे. ते बाजारात कमी आणि गावांत जास्त मिळते.

लडाख पर्यटकांसाठी खुले झाले १९७४ साली. २०११च्या जनगणनेत लेह शहराची लोकसंख्या ३१ हजारांच्या आसपास आणि सगळ्या लडाखची पावणेतीन लाखांच्या आत होती. २०२२ या एका वर्षात लडाखला आलेल्या पर्यटकांची संख्या पाच लाखांच्या वर गेली. त्यांतले बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये येतात. सहलीचा साचाही ठरलेला आहे: विमानाने लेह, गाडीने खारदुंग खिंड, नुब्रा, पँगाँग, आणि परत. महाराष्ट्रातून जाणाऱ्या ग्रुप टूरबरोबर पुष्कळदा स्वयंपाकीही असतो, त्यामुळे तलावाकाठीही वरण-भात आणि पोळी-भाजी चुकत नाही. थकल्या जिवाला त्याचा आधार वाटतो हे खरे. पण अशा सहलीत खिंडी गाडीच्या काचेतून दिसतात आणि लडाखचे अन्न एका वाफाळत्या मोमोपुरते उरते. पायी हिंडायचे आणि तिथले खायचे असेल तर आधी उंचीशी जुळवून घ्यावे लागते. तो हिशेब टाळून चालत नाही.

उंचीवर हवेतला प्राणवायूचा वाटा कमी होत नाही. तो लेहमध्येही २१ टक्केच असतो. कमी होतो तो हवेचा दाब. लेहला तो समुद्रकिनाऱ्यावरच्या दाबाच्या दोन-तृतीयांशाहून थोडा कमी भरतो, म्हणून प्रत्येक श्वासात फुप्फुसांत जाणारा प्राणवायूही तेवढाच घटतो. शरीर पहिल्यांदा श्वासाचा वेग आणि खोली वाढवते. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर टाकला जातो आणि रक्त अल्कधर्मी होऊ लागते. हा तोल सावरण्याचे काम मूत्रपिंडे करतात, आणि त्याला काही दिवस लागतात. पहिल्या एक-दोन दिवसांत लघवीला जास्त होणे, झोपेत श्वास मधेच थांबून पुन्हा जोरात सुरू होणे, जिना चढताना धाप लागणे, हे सगळे या जुळवणीचे भाग आहेत. बोटाला लावायच्या यंत्रात प्राणवायूचे प्रमाण ८५ ते ९० टक्के दिसले तरी घाबरण्याचे कारण नसते. मुंबईत तोच आकडा दिसला तर रुग्णालय गाठावे लागेल. तांबड्या पेशी वाढण्याची प्रक्रिया त्याहून सावकाश, आठवड्यांच्या हिशेबाने चालते.

जुळवणी मागे पडली आणि उंची पुढे गेली की त्रास सुरू होतो. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणे, थकवा, झोप न लागणे ही लक्षणे पोचल्यानंतर सहा ते बारा तासांत दिसू लागतात. म्हणूनच पहिल्या दिवशी दुपारपर्यंत ठणठणीत असलेला माणूस संध्याकाळी आडवा होतो. बहुतेकांचा त्रास विश्रांतीने एक-दोन दिवसांत ओसरतो. बसल्या जागी धाप, कोरडा खोकला पुढे फेसाळ होणे, चालताना तोल जाणे, बोलण्यात गोंधळ होणे ही मात्र धोक्याची लक्षणे आहेत: फुप्फुसांत किंवा मेंदूत पाणी साठू लागल्याची. तिथे विश्रांती पुरत नाही. प्राणवायू, औषध आणि शक्य तितक्या लवकर खाली उतरणे हाच उपाय. लेहच्या सोनम नोर्बू स्मारक रुग्णालयातल्या डॉक्टरांना उन्हाळ्यात असे रुग्ण नेहमीचेच असतात. ॲसिटाझोलामाइड हे औषध मूत्रपिंडांचे काम लवकर व्हायला मदत करते. ते निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे, विमानतळावर भेटलेल्या सहप्रवाशाच्या डबीतून नव्हे. तंदुरुस्तीचा इथे फारसा उपयोग नाही, हे तरुणांना पटत नाही. दर रविवारी किल्ला चढणारा गडीही आजारी पडतो, किंबहुना जोमात पहिल्याच दिवशी हिंडत सुटल्यामुळे आधी तोच पडतो.

विमानाने दिल्लीहून लेहला सव्वा-दीड तासात पोचता येते; एवढ्या वेळात शरीराला काहीच कळत नाही. म्हणून पहिले दोन दिवस शहरातच काढायचे हा नियम सगळेच सांगतात आणि बरेच जण मोडतात. रस्त्याने येणाऱ्यांसाठी श्रीनगरकडची वाट सौम्य आहे: झोजी ला (ला म्हणजे खिंड) ओलांडून मुक्काम कारगिलला, २,७०० मीटरच्या आसपास, आणि दुसऱ्या दिवशी ४,१०० मीटरच्या फोटू लावरून लेह. मनालीकडची वाट देखणी असली तरी तिच्यावरचा सरचूचा मुक्काम ४,२०० मीटरच्या वर, खुद्द लेहपेक्षा उंच पडतो, आणि तिथली रात्र अनेकांना बाधते. पुढच्या पदयात्रेसाठीही एक साधा नियम आहे. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज ५०० मीटरहून जास्त वर न्यायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबायचे. दिवसा त्याहून थोडे वर जाऊन यायला हरकत नाही. हिशेब रात्रीच्या उंचीचा असतो.

हे सक्तीचे दोन दिवस वाया जात नाहीत. लेह हे मुळात पायी हिंडायचेच शहर आहे. मुख्य बाजारात आता गाड्यांना बंदी आहे. सकाळी आजूबाजूच्या गावांतल्या बाया पाठीवरून भाजी आणून पदपथाच्या कडेला मांडतात: पालक, मुळे, सलगम, गाजर, कोबी, ऑगस्टात ताजे जर्दाळू. मालाला ओलसर माती चिकटलेली असते आणि तागडी हातात धरायची. भाव ऐकून मुकाट्याने घ्यावे असा माल असतो.

जामा मशिदीमागच्या गल्लीत रोटीवाल्यांची दुकाने आहेत. जमिनीत पुरलेल्या तंदूरभोवती ओटा, त्यावर मांडी घालून बसलेला कारागीर. एक जण पिठाचे गोळे तोलून टाकतो, दुसरा बोटांनी त्यावर खळगे पाडतो, तिसरा रोटी कापडाच्या गादीवर पसरून भट्टीत खांद्यापर्यंत हात घालतो आणि आतल्या भिंतीवर थापतो. मिनिटा-दोन मिनिटांत ती फुगते, आणि दोन लोखंडी सळ्यांनी, एकीने सुटी करून दुसरीने पकडून, बाहेर येते. सकाळी सहा-सातला घरोघरची मुले कापड घेऊन रांगेत असतात. रोटी गरम असताना नुसतीच खाल्ली जाते. गार झाल्यावर तिला लोणी आणि जर्दाळूचा मुरंबा लागतो.

घरी भाजली जाते ती खंबीर, लडाखची खरी पोटभरीची भाकर. गव्हाची जाडसर कणीक आधीच्या घाण्यातले थोडे पीठ घालून रात्रभर आंबवायची, जाड गोल थापायची, आधी तव्यावर किंवा तापल्या दगडावर आणि मग राखेत किंवा निखाऱ्याकडेला शेकायची. कवच कडक होते, आत किंचित आंबूस, दमदार गर राहतो. हवा कोरडी असल्यामुळे खंबीर तीन-चार दिवस टिकते, म्हणून वाटसरूच्या झोळीत तीच असते. चालणाऱ्याने बिस्किटांच्या पुड्याऐवजी दोन खंबीर बांधून घ्याव्यात. दुपारपर्यंत पोट तक्रार करत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शांती स्तूपापर्यंत चढून जायला हरकत नसते. जपानी बौद्ध भिक्खूंच्या पुढाकाराने बांधलेला हा पांढरा स्तूप १९९१ साली पूर्ण झाला. खालून चढणाऱ्या पायऱ्या पाचशेच्या घरात आहेत आणि त्यांवर कोण किती जुळला ते लगेच कळते: बोलत बोलत चढता आले तर ठीक, वाक्य मधेच तुटत असेल तर आणखी एक दिवस थांबावे. तिसऱ्या दिवशी राजवाड्यावरून नामग्याल त्सेमोच्या जुन्या किल्ल्या-गोम्पापर्यंत (गोम्पा म्हणजे बौद्ध मठ) जाता येते. वाट भुसभुशीत, दगड निसटते. पण माथ्यावरून अख्खे लेह, त्यातला हिरवा पट्टा आणि तो जिथे तुटतो ती रेघ नकाशासारखी दिसते. शहराबाहेर शे ते ठिकसे हा तीन-चार किलोमीटरचा सपाट फेरा याहूनही सुखाचा: दोन गोम्पा, मधल्या माळावर शेकडो जुने छोर्तेन (स्तूप), बाजूला पाटाचे पाणी.

खाण्याचा विचार मात्र थोडा मागून, चुलीपासून करावा लागतो. ३,५०० मीटरवर पाणी ८८-८९ अंशांनाच उकळते. डाळ-भात प्रेशर कुकरशिवाय शिजायला तासन् तास लागतात, आणि लाकूड तर मुळातच दुर्मीळ. लडाखी स्वयंपाकाने यावर जो मार्ग काढला तो असा, की धान्य आधीच भाजून ठेवायचे. जव वाळूत भाजून पाणचक्कीवर दळतात. त्या पिठाला ङाम्फे म्हणतात, तिबेटी लोक त्सांपा. शिजवण्याची गरजच नाही. चहात किंवा ताकात कालवले की जेवण झाले. चहा आणि लोण्यात मळलेला त्याचा गोळा म्हणजे खोलक. महाराष्ट्रातही सातूचे पीठ प्रवासात याच कारणासाठी नेत असत. भाजलेल्या पिठाची युक्ती दोन्हीकडे एकच. जव आणि वाटाण्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा म्हणजे पाबा, आणि त्याच्याबरोबर तांगतुर, म्हणजे रानभाजी घातलेले दही किंवा ताक. शेतात राबणाऱ्याचे दुपारचे जेवण बहुधा हेच.

संध्याकाळी चुलीवर स्क्यु शिजतो. लडाखी घरात स्वयंपाकघर हीच सर्वांत मोठी, उबदार आणि सजवलेली खोली असते. मधोमध लोखंडी चूल, तिच्या पत्र्यावर कोरलेली शुभचिन्हे, भिंतीभर फळ्यांवर तांब्या-पितळेची भांडी, आणि जळण बहुतांशी गोवऱ्यांचे. स्क्युसाठी कणीक घट्ट मळतात आणि तिच्या लांब वळकट्या करतात. मग घरातले सगळे, पाहुण्यांसकट, कामाला लागतात. नखाएवढा तुकडा तोडायचा, तळहातावर ठेवून अंगठ्याने दाबत पुढे सरकवायचा, की एक छोटी खोलगट टोपी होते. नवशिक्याच्या टोप्या जाड होतात आणि मध्ये कच्च्या राहतात. घरची आजी काही न बोलता त्या उचलून पुन्हा दाबते. भांड्यात सलगम, गाजर, बटाटा, कांदा, असेल तर सुके मटण उकळत असते. टोप्या त्यात सोडायच्या, रस्सा दाट होईपर्यंत शिजवायच्या, वरून रानकांद्याच्या वाळलेल्या पात्यांची, म्हणजे स्कोत्सेची, फोडणी. मराठी घरातल्या वरणफळांची आठवण व्हावी असा हा प्रकार, फक्त डाळीच्या जागी कंदमुळे आणि मसाल्याच्या जागी जवळपास काहीच नाही. हीच कणीक गोल लाटून चिमटीने फुलपाखराच्या आकाराची केली की छुतागी होते.

तिखट-मसाल्याला सरावलेल्या जिभेला पहिल्या घासाला हे अळणी वाटते. पण उंचीवर भूक मंदावलेली असते आणि तेलकट अन्न नकोसे होते. पिठूळ अन्नापासून ऊर्जा मिळवायला शरीराला त्यातल्या त्यात कमी प्राणवायू लागतो, आणि कोरड्या हवेत उडून गेलेले पाणी व मीठ रश्श्यातून परत येते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाहुणा दुसरा वाडगा मागतो तो केवळ सौजन्याने नव्हे.

गुरगुर चहाचे तसे होत नाही. तो एक तर आवडतो किंवा शेवटपर्यंत नाही. चहाची पत्ती सोड्याचा खार घालून बराच वेळ उकळतात, अर्क गाळून लाकडी नळकांड्यात ओततात, त्यात मीठ, लोणी आणि थोडे दूध घालून दांड्याने घुसळतात. गोड चहाची अपेक्षा ठेवून पहिला घोट घेणारा दचकतो; सूप समजून घेतला तर जमून जातो. यजमानीण प्रत्येक घोटानंतर पेला पुन्हा भरते. नको असेल तर भरलेला पेला तसाच ठेवायचा आणि निघताना संपवायचा, ही तिथली रीत. छांग ही जवाची आंबवलेली बिअर सणावाराला आणि पाहुण्याला हमखास पुढे येते. ती सौम्य असते, पण पहिल्या दोन-तीन दिवसांत तिला आणि झोपेच्या गोळीला नम्रपणे नाही म्हणावे. दोन्हींमुळे झोपेतला श्वास मंदावतो.

या स्वयंपाकाचे दुसरे सूत्र म्हणजे साठवण. पीक एकच, उन्हाळ्याच्या चार महिन्यांत. बाकीचा काळ साठवलेल्यावर. सलगम-मुळे जमिनीखालच्या तळघरात पुरतात, पालेभाज्या आणि टोमॅटो छपरावर वाळवतात. ताकाचे चीज वाळवून खडे करतात, त्यांना छुर्पे म्हणतात. ते रश्श्यात घालतात किंवा चालताना तासभर गालात धरतात. लोणी आणि छुर्पे चांगथांगच्या पठारावरच्या पशुपालक चांगपांकडून आणि उन्हाळी कुरणांवरून येते, जव खालच्या गावांतून वर जातो. रस्ते झाले, स्वस्त तांदूळ-गहू आला, आणि लेहमधल्या घरांत रोजचा भात शिरला. पाबा आता शहरात मुद्दाम करण्याची गोष्ट होत चालली आहे.

म्हणून जेवणासाठीही गावांकडे चालत जावे. सुरुवातीला सर्वांत योग्य वाट श्यामची, म्हणजे लेहच्या पश्चिमेकडच्या सखल लडाखची: लिकिरहून यांगथांग, हेमिस शुकपाचन, तेमिसगाम. दोन-तीन दिवसांचा प्रवास, दररोज चार ते सहा तास, खिंडी सगळ्या ४,००० मीटरच्या आत. गिर्यारोहक तिला पोरखेळ म्हणून हिणवतात. आता या सगळ्या गावांपर्यंत मोटाररस्ता पोचला असल्याने एकांताचा दावाही करता येत नाही. तरीही लडाखी शेत, घर आणि वाट यांचे नाते इतक्या कमी श्रमात दुसरीकडे दिसत नाही. उघड्या, मातकट खिंडीवरून उतरताना खाली यांगथांगची मूठभर घरे आणि शेते दिसतात. शुकपाचनला जुन्या जुनिपरची राई आहे. ती पवित्र मानतात, तोडत नाहीत. तेमिसगाम उंचीने कमी, म्हणून तिथे सफरचंद, अक्रोड आणि जर्दाळू. श्यामच्या खालच्या गावांत कुट्टूच्या पिठाची धिरडीही होतात.

मार्खा खोऱ्याची वाट मात्र खऱ्या अर्थाने डोंगरातली. चिलिंगजवळ झांस्कर नदी ओलांडून स्क्यु गावापासून वर चढत, मार्खा, हांकर, निमालिंग आणि मग ५,२०० मीटरच्या वरची कोंगमारू खिंड. तिथून चोकडो आणि शांग. पाच-सहा दिवस लागतात. जास्त दिवस असलेले लोक स्पितुक किंवा झिंगचेनहून रुंबाक गाठून सुमारे ४,९०० मीटरच्या गांदा लावरून खोऱ्यात उतरतात. वाट हेमिस राष्ट्रीय उद्यानातून जाते. हिमबिबट्या दिसण्याची शक्यता उन्हाळ्यात जवळपास नाही, पण त्याचे भक्ष्य असलेले भरल, म्हणजे निळ्या मेंढ्या, सकाळ-संध्याकाळ उतारावर चरताना हमखास दिसतात.

मार्खाची एक सोय म्हणजे तंबू आणि शिधा न नेताही ती करता येते. गावागावांत घरात राहण्याची व्यवस्था आहे: रात्रीचे जेवण, सकाळचा नाश्ता आणि दुपारची बांधून दिलेली शिदोरी यांसकट. रुंबाक परिसरात ही पद्धत या शतकाच्या सुरुवातीला रुजली, हिमबिबट्याच्या संरक्षणासाठी. बिबट्याने शेळ्या-मेंढ्या मारल्या की गावकरी त्याच्यावर उठायचे. तोच बिबट्या पाहुणे आणि पैसे आणू लागल्यावर तो राग निवळला. पाहुणे घराघराला आळीपाळीने वाटून दिले जातात, त्यामुळे एकाच चांगल्या घराचे हॉटेल होत नाही. दोन गावांमध्ये सैन्याच्या जुन्या पॅराशूटच्या कापडाचे तंबू लागलेले असतात, तिथे चहा, मॅगी आणि सीबकथॉर्नच्या नारिंगी फळांचा आंबट रस मिळतो. निमालिंगला, ४,७०० मीटरच्या वर, गाव नाही. उन्हाळी कुरण आणि हंगामी तंबू आहेत. तिथली रात्र जुलैमध्येही गोठणबिंदूच्या आसपास जाते.

ओढे ओलांडणे हीच या वाटेवरची खरी जोखीम. दिवसभराच्या उन्हाने वितळलेले बर्फाचे पाणी दुपारनंतर खोऱ्यात उतरते आणि सकाळी घोट्यापर्यंत असलेला प्रवाह चारला मांडीपर्यंत येतो. म्हणून पहाटे निघून दुपारच्या आत मुक्काम गाठायचा. ऊनही फसवे. हवा थंड असते पण अतिनील किरणे दर हजार मीटरमागे सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात. टोपी, काळा चष्मा आणि मानेवर मलम नसेल तर दोन दिवसांत कातडी सोलते. सह्याद्रीतल्या पावसाळी भटकंतीला सरावलेल्यांना इथे वेगळेच वाटते, कारण जुलै-ऑगस्टात हिमालयाचा दक्षिण उतार चिंब असताना लडाखच्या वाटा कोरड्या असतात. पण कोरड्या म्हणजे निर्धोक नव्हे: ५-६ ऑगस्ट २०१०च्या रात्रीच्या ढगफुटीत लेह आणि चोगलमसरमध्ये चिखलाच्या लोंढ्याने शेकडो जीव गेले. उघड्या डोंगरावर थोडाही जोरदार पाऊस झाला की माती धरून ठेवायला काही नसते. आभाळ भरून आले तर ओढ्याच्या पात्रात मुक्काम टाकू नये.

वर्षानुवर्षे हौशी लोकांना ओढणारे ६,१५३ मीटरचे स्टोक कांगरी हे शिखर २०२० पासून चढाईसाठी बंद करण्यात आले. त्याच्या कुशीतल्या हिमनदीवर स्टोक गावाचे पाणी अवलंबून आहे, आणि वाढत्या गर्दीने ते पाणी घाण होत होते. पाण्याचा प्रश्न लेह शहरातही तोच आहे. पूर्वी ओढ्याच्या पाण्याची पाळी गावाने नेमलेला पाणक्या, छुर्पोन, ठरवायचा. आता हॉटेलांच्या कूपनलिका आणि फ्लशचे संडास यांनी तो हिशेब मोडला. गावांतला कोरडा संडास, वरच्या मजल्यावर मातीचा ढीग आणि फावडे, खाली साठलेले खत वर्षाने शेतात, पाहुण्याला पहिल्या दिवशी अवघड वाटतो. पण त्याला पाणी लागत नाही, आणि जवाचे पीक त्याच खतावर उभे राहते. शहरातल्या महिला संघटनेच्या पुढाकाराने प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी नव्वदच्या दशकाच्या अखेरीसच आली. बाजारात उकळून गार केलेले पाणी बाटलीत भरून देणारी दुकानेही आहेत.

हंगामाची निवड खाण्यावरून करावी. जूनमध्ये उंच खिंडींत बर्फ उरलेला असतो आणि बाजारात ताजी भाजी तुरळक. जुलैच्या अखेरीपासून जर्दाळू पिकू लागतात, ऑगस्टात ते घरांच्या छपरांवर नारिंगी चादरीसारखे वाळत पडतात. सप्टेंबरमध्ये जवाची कापणी-मळणी, ओढ्यांना कमी पाणी, स्वच्छ हवा आणि विरळ गर्दी. चालणारा आणि खाणारा दोघांनाही हा महिना सर्वांत धार्जिणा. ऑक्टोबरमध्ये गावातली घरे आवरू लागतात. इतर राज्यांतले प्रीपेड सिमकार्ड लडाखमध्ये चालत नाही आणि गावांत रोख पैसेच लागतात, एवढी तयारी लेहमध्येच करून निघावे. परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवावा. दुपारनंतर वारा वाढतो म्हणून उड्डाणे सकाळीच असतात, आणि हवा बिघडली की दिवसभराची सगळी रद्द होतात.

तो मोकळा दिवस बाजारात सुके जर्दाळू निवडण्यात घालवता येतो. बी काढून वाळवलेले साधे जर्दाळू रात्रभर भिजवून मुरंब्याला किंवा रश्श्याला वापरतात. बियांसकट अखंड वाळवलेले, गोड आणि चिवट, ते फतिंग. दर जास्त आणि तसेच खायचे. पांढऱ्या बियांचा रक्त्से कार्पो हा वाण लडाखचा स्वतःचा, आणि त्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. बिया फोडून आतला गर बदामासारखा खातात, त्याचे तेलही काढतात. मात्र विकत घेताना गर गोड की कडू हे चाखून पाहावे. कडू गरातून पोटात सायनाइड तयार होते. तो तेलासाठी ठीक, खाण्यासाठी नव्हे.